मानशीचं दार

पणजीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत
फार्मसीच्या काउंटरमागे मी सात वर्षं उभी आहे.
कुणी हळूच म्हणतं, "ते द्या,"
आणि मला कळतं ते म्हणजे काय.
कालचा पेपर, मग काळी पिशवी, मग गाठ.
खोकल्याचं औषध मी तसंच देते, हातात.
मूळव्याधीचं मलमसुद्धा.

संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला.
स्कूटरींच्या मधे उभी राहून
कितीदा तरी मी माझीच एक गाठ
कठड्यावरून सोडून दिली आहे मांडवीत.
कचऱ्याची गाडी येते आमच्याकडे, नाही असं नाही,
पण ती चालवणारा विश्राम माझ्या वर्गातला.

त्या वर्षी बाबांनी मानस घेतली होती लिलावात.
भरतीला तिचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.
रात्री तोंडाशी कंदील टांगायचा, जाळं लावायचं,
आणि सुंगटं येतात उजेडाकडे, वेडी.
एका रात्री दार मिटेना.
खारं पाणी शेतात शिरायला लागलं, तसे
बाबा छातीएवढ्या पाण्यात उतरले,
मी वर बांधावर बॅटरी धरून.
फळीच्या फटीत चाचपत राहिले,
मग ओढून काढलं:
फुगून उशीएवढं झालेलं
काळं प्लास्टिक.
वर गाठ. दुहेरी, टोक आत खोचलेलं.
तशी गाठ अख्ख्या तिसवाडीत एकच बाई मारते.

बाबा काही बोलले नाहीत.
बॅटरी हलली, एवढंच.
बांधापलीकडे त्यांनी खड्डा केला,
मेलेल्या मांजराला करतात तसा,
मग हात धुतले. मग परत धुतले.
जाळ्यात त्या रात्री दीड किलो.

कप मी आमच्याच दुकानातून घेतला,
मालक जेवायला गेल्यावर, पैसे गल्ल्यात टाकून.
आणि पेपरात गुंडाळला. मीच, माझ्यासाठी.

पहिला महिना: न्हाणीत पाऊण तास,
एक पाय उलट्या बालदीवर.
घडी करायची, आत गेल्यावर उमलतो म्हणे.
तो उमलला माझ्या बोटांतून सुटून
समोरच्या भिंतीवर.
एकटीच हसले, मग रडू आलं,
मग पुन्हा घडी केली.

आईनं विचारलं, "टोपात काय उकळतंय?"
सांगितलं.
ती बराच वेळ बुडबुड्यांकडे बघत राहिली.
"आमची फडकी गोठ्यामागे वाळायची," म्हणाली,
"वाळायची कसली. चार-चार दिवस दमट.
मांड्या सोलून निघायच्या.
आणि तू शिकलीसवरलेली, परत तिथंच निघालीस?"
माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.
उन्हात घालीन, म्हटलं.

रात्रीसाठी एस्पेरांसानं सहा शिवून दिली,
नवऱ्यानं बोटीवरून आणलेल्या निळ्या फ्लॅनेलची.
बटणं तिच्या डब्यातली,
दोन सारखी नाहीत.
शिलाई विचारली तर म्हणाली, आधी वापरून तर बघ,
आणि सातवं स्वतःसाठी कापायला घेतलं.

अंगणात ऊन असलेली दोरी एकच, जाळ्याची.
मी सहाही घातली तिच्यावर, एका टोकाला.
दुपारी बाबा आले ओलं जाळं खांद्यावर घेऊन.
थांबले. लाल बटण, पिवळं बटण, शिंपल्याचं बटण.
"सरकव गो बाय जरा," म्हणाले.
मी सरकवली. जाळं शेजारी पसरलं.
संध्याकाळी काढली तेव्हा
एकाला खवला चिकटला होता, नखाएवढा.

दुकानात अजून गाठी मारते.
काल एका पोरीला विचारलं, पेपर हवा का?
ती दचकली.
मागे वळून बघितलं कुणी ऐकलं का,
मग म्हणाली, हवा.
दिला.